बेडकीचा पल्ला

सुट्टीच्या दिवशी घरचा पोहण्याचा तलाव बाहेरच्यांसाठी बंद असे. त्यामुळे घरातली सगळी महत्त्वाची कार्यं आणि सगळी महत्त्वाची भांडणं सुट्टीच्या दिवशीच उरकली जात. आज घरातल्या सगळ्यात लहान पोरीचा, बेडकीचा पल्ला होता, म्हणजे दोन्ही एकदमच आटोपण्याची सोय होती.

थोरला भल्या सकाळी येऊन छोट्या हौदाचं पाणी तापवत बसला होता. तलावाची सगळी यंत्रं, नळ, गाळण्या त्याच्या ताब्यात. माणसांशी बोलायची वेळ आली की तो बॉयलरच्या खोलीत काहीतरी काम काढी. आता तो गुडघ्यांवर बसून पाण्यात कोपर बुडवून बघत होता. भिंतीवर चांगला हातभर लांबीचा तापमापक होता, पण त्याच्याकडे फक्त पाहुणे बघत. कोपराला पाणी गारही लागलं नाही आणि ऊनही लागलं नाही, की ते तान्ह्या बाळाला चालतं, हे आत्यांनी त्याला लहानपणीच शिकवलं होतं.

"झालं," तो म्हणाला आणि उठला. कुणाला म्हणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याची बायको, थोरली, बाकावर टॉवेलांच्या घड्या घालत होती. रांगत्या आणि नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांचा वर्ग ती आत्यांच्या जोडीने घेई. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता येत होतं, एवढीच तिची शिदोरी. बाळाला पाण्यात कसं धरायचं हे तिने आत्यांच्या शेजारी उभं राहून, त्यांच्या हातांकडे बघत उचललं होतं. आत्या शिकवत काही नसत. त्या करीत, आणि आपण बघायचं. काखेत धरलेलं मूल त्यांच्या हातांत इतकं सैल असे, की नव्या आईबापांना वाटे, आता निसटणार. कधी कुणी निसटलं नव्हतं. आकांत करत आलेल्या मुलाशी एक शब्द न बोलता आत्या हौदात नुसत्या फिरत राहायच्या, आणि थोड्या वेळाने ते त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून पाण्यावर थापट्या मारायला लागायचं. थोरलीने हे इतक्या वेळा पाहिलं होतं, तरी दर वेळी तिला वाटे की मधलं काहीतरी आपल्या नजरेतून सुटलं.

आज हा आत्यांचा शेवटचा पल्ला होता. खांदा आणि दोन्ही गुडघे केव्हाचे संपावर गेले होते. उद्यापासून त्या पाण्यात उतरणार नव्हत्या आणि वर्ग थोरलीकडे जाणार होता. जेवताना मीठ मागावं तितक्या सहज त्यांनी हे सांगून टाकलं होतं. थोरलीला तेव्हापासून नीट झोप नव्हती. आजचं सगळं आत्यांच्या इतमामाला शोभेल असंच झालं पाहिजे, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि म्हणून टॉवेलांच्या घड्या तिसऱ्यांदा मोडून परत घातल्या जात होत्या.

पल्ला ही या घराची स्वतःची गोष्ट. मूल नीट धावायला लागलं की एका सुट्टीच्या दिवशी आत्या त्याला घेऊन हौदाच्या मधोमध उभ्या राहायच्या, त्याच्या तोंडावर हलकेच फुंकर घालायच्या, आणि सोडायच्या. मूल पाण्याखालून, डोळे टक्क उघडे ठेवून, पाय झाडत पायऱ्यांपर्यंत यायचं, आणि तिथे घरातलं कुणीतरी त्याला वर काढायचं. अंतर म्हणाल तर दोघांनी हात पसरले तर भरेल एवढं. पण थोरल्याने ते कापलं होतं, त्याच्या धाकट्या भावाने कापलं होतं, थोरलीच्या मुलांनी कापलं होतं, आणि घरात माणसाचा खरा वाढदिवस तोच धरत. नियम एकच, पण कडक: आईबापांनी त्या वेळी पाण्यात उतरायचं नाही. समोरच्या भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभं राहायचं. त्याच नियमाला पुढे शेपूट फुटलं, की आपलं मूल आपण शिकवायचंच नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी शिकवायचं.

नातवंडांना वर काढायचा मान दादांचा, म्हणजे आत्यांच्या भावाचा. दादा गेल्या हिवाळ्यात गेले, आणि तो मान आता कुणाचा यावर आठवडाभर घरात तळ्यात-मळ्यात चाललं होतं. दादांच्या बायकोचा, माईंचा, कल थोरलीकडे. वर्ग तिचा तर मानही तिचा. बेडकीचा बाप, धाकटा, म्हणत होता की दादांच्या जागी दादांचा मुलगाच हवा, आणि बॉयलरच्या खोलीतून थोरल्याचा निरोप येत होता की मला यात ओढू नका. थोरली स्वतः म्हणत होती, "मला काय, कुणीही काढा." ते ती ज्या आवाजात म्हणत होती, त्यावर कुत्र्यानेही विश्वास ठेवला नसता.

*

धाकटी, बेडकीची आई, केव्हाच भिंतीशी जाऊन उभी राहिली होती. अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

ती चष्म्याच्या काचा घासणारी. चौकटीत काच चपखल बसावी म्हणून तिची कड कितपत उतरवायची हे तिच्या बोटांना कळे, आणि तिच्या हातून काच क्वचितच फुटे. पण पाण्याची तिला भीती होती. त्यामागे काही घडलेलं नव्हतं, कुणी बुडालं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. काहींना उंचीची वाटते तशी तिला पाण्याची वाटे. अशी मुलगी करून आणली म्हणून सासरी कुणी कधी टोमणा मारला नव्हता. उलट तिच्यासमोर सगळे पाण्याचा विषय जरा जपूनच काढत, आणि तेच तिला जास्त लागे.

रोज सकाळी कामावर जाताना ती बेडकीला तलावावर नवऱ्याच्या हवाली करी. संध्याकाळी पोर ओल्या केसांनी, क्लोरीनचा वास मारत घरी येई. सुरुवातीला ती विचारायची, "शिकतेय ना?" धाकटा म्हणायचा, "अगं, आत्या आहे, वहिनी आहे. आपण त्यात बोलायचं नसतं." मग तिने विचारणं सोडलं. ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्यात रोज नाक खुपसून आपलं अज्ञान कशाला दाखवा, असं तिला वाटे.

धाकटा आता येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. मोठ्या तलावात मोठ्या माणसांना पोहायला शिकवताना त्याचं तोंड दिवसभर चालू असायचं, आणि सुट्टीच्या दिवशी त्याला सुट्टी नसे. तो सांगत होता की त्याच्या पल्ल्याच्या वेळी आजोबांनी त्याला वर काढलं तर त्याने आजोबांच्या नाकाला चावा घेतला होता. धाकटीने हे लग्नाआधीच ऐकलं होतं. तिने हात मागे बांधले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

हौदाच्या पलीकडच्या काठावर, कोरड्या पायरीवर, बेडकी बसली होती. दोन वर्षांची व्हायला आली होती. जन्मल्या क्षणापासून पाय झाडत होती म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव. तिच्यासमोर रबरी बदकांची रांग होती आणि हातात पिवळी झारी. ती एकेका बदकाच्या डोक्यावर पाणी ओतत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती.

"चल ग बेडके," आत्या म्हणाल्या. "आपली पाळी."

*

पाण्यात उतरताना आत्यांनी कठडा धरला तो फक्त थोरलीला दिसला. कमरेपर्यंत पाणी आलं आणि आत्यांचं वय गळून पडलं. जमिनीवर त्या पाय ओढत चालायच्या. पाण्यात त्या कुठूनही कुठेही निघायच्या आणि लाट उठत नसे. बेडकी त्यांच्या कडेवर मजेत होती, झारीसकट. पल्ला बघायला बाकांवर जमलेल्या आप्तांनी बोलणं थांबवलं. माई खुर्चीतून पुढे सरकल्या.

आत्यांनी झारी काढून काठावर ठेवली, बेडकीला समोर धरलं, तोंडाजवळ तोंड नेलं, आणि फुंकर घातली.

फुंकर घातली की शिकलेलं मूल डोळे मिचकावतं आणि तोंड मिटतं. महिन्यानुमहिने फुंकर आणि ओंजळभर पाणी, फुंकर आणि ओंजळभर पाणी, असं चाललेलं असतं; मुलाच्या अंगात ते मुरलेलं असतं. बेडकीने आत्यांकडे पाहिलं, गाल फुगवले, आणि उलट आत्यांच्या तोंडावर फुंकर घातली.

लोक हसले. धाकटा तर टाळ्या वाजवायला निघाला होता, पण नियमाप्रमाणे हात मागे होते.

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा फुंकर घातली आणि ओंजळीतलं थोडं पाणी पोरीच्या कपाळावरून सोडलं. बेडकीने खुशीत तोंड उघडलं. पाणी आत गेलं, तिला ठसका लागला, ती घाबरीघुबरी झाली आणि आत्यांच्या मानेला तिने मिठी घातली. ती मिठी आत्यांच्या आयुष्यभराच्या ओळखीची होती. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक मुलाची मिठी अशीच असते, नखं लागतात.

या पोरीला कुणी काहीही शिकवलेलं नाही, हे आत्यांना कळलं. त्या क्षणी ते दुसऱ्या कुणालाच कळलेलं नव्हतं. बाकांवर अजून हसणं चालू होतं. पायऱ्यांशी थोरली हात पुढे करून उभी होती, म्हणजे मानाचं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. अंतर कितीसं? दोघांच्या पसरलेल्या हातांएवढं. सोडलं असतं तर कशीबशी पोचली असती, नाकातोंडात पाणी गेलं असतं, रडली असती, वर काढली असती, आणि आत्यांचा शेवटचा पल्ला म्हणून सगळ्यांनी डोळे पुसले असते. तयार नसलेलं मूल आत्यांनी आजवर पाण्याखाली सोडलेलं नव्हतं. आपण हे सोडलं नाही तर हे सगळे आलेत कशाला, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

बेडकीचा ठसका थांबेपर्यंत त्या तिला खांद्यावर घेऊन फिरत राहिल्या. मग भिंतीकडे तोंड करून, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "हिला शिकवत कोण होतं?"

बाकांवरचं हसणं थांबलं. गाळणीचा घरघर आवाज तेवढा येत राहिला.

"तुम्हीच ना?" थोरली म्हणाली.

"मला वाटलं तू."

"मला वाटलं तुम्ही दुपारी घेता तिला. तुमच्याजवळच तर असते."

"दुपारी मी पाठ टेकते. मला वाटलं तू तुझ्या वर्गात घेतेस. केस रोज ओले असतात तिचे."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला की त्याला वाटलं दोघी मिळून शिकवतात, आणि आपलं मूल असल्यामुळे त्याने मुद्दाम तिकडे बघायचंही टाळलं होतं, नियम म्हणून. मग सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला बॉयलरच्या खोलीच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "मी पाणी तापवतो."

बाळांना पोहायला शिकवणारं म्हणून जे घर दूरवर ओळखलं जात होतं, त्या घरचं मूल रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत हौदाच्या काठावर बसून होतं, आणि ते पाण्यात उतरलेलं नव्हतं. केस ओले असायचे ते झारीने.

*

यानंतर जे झालं ते घरात अनेक दिवस पुरलं. धाकट्याला पहिल्यांदा ओशाळं वाटलं, आणि ओशाळं वाटलं की तो घायकुतीला यायचा. त्याने म्हणायला सुरुवात केली की आता सगळे जमलेच आहेत, एवढंसं अंतर आहे, आत्या पाण्यात आहे, वहिनी पाण्यात आहे, होऊन जाऊ दे. मी नाही का रडतच आलो होतो? माईंनाही ते पटू लागलं होतं. वन्संचा शेवटचा पल्ला असा अर्धवट राहावा हे त्यांच्या जिवाला लागत होतं. आप्तांपैकी कुणीतरी मध्येच म्हणालं की मुलं काय, शिकतात आपोआप. त्या माणसाला स्वतःला पोहता येत नव्हतं.

थोरलीचं मन दोन्हीकडे ओढ घेत होतं. तिला वाटत होतं की ती करू शकेल. आत्ताच्या आत्ता बेडकीला घेऊन हौदाच्या कोपऱ्यात गेलं, खेळवत खेळवत फुंकर आणि पाणी सुरू केलं, तर दुपारपर्यंत पोरीला पायऱ्यांपर्यंत आणता येईल. निदान तसं दिसेल तरी. आत्यांचं नाव राहील. ती तसं बोलणार, इतक्यात तिची नजर भिंतीकडे गेली.

धाकटी भिंतीपासून सुटली होती. हौदाच्या काठापर्यंत आली होती आणि तिथे, ओल्या फरशीच्या अलीकडे, तिचे पाय थांबले होते. हात अजून मागेच होते.

"तिला बाहेर काढा," ती म्हणाली.

"अगं, तू भिंतीशी हो ना," धाकटा म्हणाला. "त्यातलं तुला कळत नाही."

"भाऊजी," थोरली म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

इतक्या वर्षांत थोरली दिराला असं तोडून बोललेली कुणी कधी ऐकली नव्हती. आठवडाभर जमलेले सगळे गट त्या एका वाक्यासरशी विस्कटले. थोरली पायऱ्यांवरून वर आली, ओल्या अंगाने जावेच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने आत्यांकडे पाहिलं. "आज पल्ला नको," ती म्हणाली. "वर्ग माझा असेल, तर मी सांगते, नको."

आत्यांनी तिच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. थोरलीला ती नजर कळली नाही. ती फार मोठी शाबासकी होती, पण तशी नजर तिला आधी कधी मिळाली नव्हती, त्यामुळे ओळखू कशी येणार?

"बाहेरून मूल येतं," आत्या म्हणाल्या, "त्याचा पहिला धडा कुणाबरोबर घेतेस?"

"आईबरोबर. नाहीतर बापाबरोबर. त्यांना पाण्यात घेतल्याशिवाय आपण मुलाला हातच लावत नाही."

"मग आपल्या घरात का नाही?"

"नियम आहे ना."

इथे माईंनी कपाळाला हात लावला. "नियम कसला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यामुळे झालेलं सगळं ते." आणि मग त्यांनी सांगितलं. थोरल्याच्या पल्ल्याच्या वेळी दादा पायऱ्यांशी उभे होते. पोर पाण्याखालून छान येत होतं, पण दादांना धीर निघेना. अर्ध्या वाटेतच त्यांनी सूर मारला, अंगातल्या कपड्यांनिशी, घड्याळानिशी, आणि पोराला असं काही उचकटून वर काढलं की नीट चाललेलं मूल त्या दचक्याने पाणी प्यालं. "वन्सं इतक्या भडकल्या की म्हणाल्या, पुन्हा आपल्या पोराच्या वेळी पाण्यात दिसलास तर बघ. भिंतीशी उभा राहा, हात मागे बांधून. ते त्यांनी भावाला सांगितलं होतं. बाकीच्यांनी आपल्याच अंगाला लावून घेतलं."

"आणि मला वाटलं, सगळ्यांना आवडला," आत्या म्हणाल्या. "म्हणून राहू दिला."

थोरला दारातून हे ऐकत होता. आपल्या बापाने कपड्यांनिशी सूर मारला होता, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो आत गेला आणि बराच वेळ उगाचच झडपा पुसत बसला. त्याच्या ओठांवर हसू होतं आणि डोळे भरून आले होते.

धाकटा तोवर सदऱ्याची बटणं काढायला लागला होता. नियम गेला तर गेला, आता त्याच्या लेकीला तोच घेऊन उतरणार होता. आत्यांनी मान हलवली. "तू पाण्याला भीत नाहीस. तुझ्याकडे बघून ती काय शिकणार? तू पहिल्यांदा पाण्यात कधी उतरलास, आठवतं तरी का?" मग त्या धाकटीकडे वळल्या. "जबरदस्ती नाही ग. नाही म्हणालीस तर उद्या सकाळी हाच उतरेल आणि आम्ही तिला शिकवू. ती शिकेल. पण आधी तुला विचारते."

धाकटीने पाण्याकडे पाहिलं, मग आत्यांच्या खांद्यावरच्या त्या ओल्या डोक्याकडे. आणि मग ती थोरलीला म्हणाली, "ताई, मला घालायला काही आहे का?"

*

कपडे बदलायच्या खोलीत थोरलीचा जास्तीचा पोशाख धाकटीला खांद्यांवर सैल होत होता, तर थोरलीने मागून गाठ मारून तो आवळला. धाकटीचे दात वाजत होते, आणि खोली चांगली उबदार होती. आत्यांना कसं सांगायचं, मला नाही जमलं तर, असं ती म्हणाली. थोरलीने सांगितलं की मागच्याच महिन्यात एक धिप्पाड पैलवान आपलं बाळ घेऊन आला होता आणि पायरीवर बसून रडला होता. आत्यांनी त्याला रडू दिलं. "कुणी हसलं नाही?" धाकटीने विचारलं. "बाळ हसलं," थोरली म्हणाली.

बाहेर आत्या हौदाच्या मधोमध, आपल्या नेहमीच्या जागी उभ्या होत्या. बेडकीला तिची झारी परत मिळाली होती आणि ती शांतपणे आत्यांच्या दंडावर पाणी घालत होती. धाकटीला वाटलं होतं की आत्या पोरीला घेऊन पायऱ्यांपर्यंत येतील. आत्या जागच्या हलल्या नाहीत.

"ये," त्या म्हणाल्या.

पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं. खरंच ते गारही नव्हतं आणि ऊनही नव्हतं. दुसऱ्या पायरीवर धाकटीने कठडा असा धरला की बोटांची पेरं पांढरी झाली. थोरली शेजारी होती, पण तिने हात धरला नाही. मागितल्याशिवाय धरायचा नसतो, हे ती आत्यांकडूनच शिकली होती. शेवटची पायरी संपली तेव्हा धाकटीने हात पुढे केला, आणि थोरलीने तो त्याच क्षणी घेतला.

हौदाचा तळ पायांखाली सपाट होता. पाणी पोटावर चढलं तसा तिचा श्वास वरच अडकायला लागला. भिंतीशी उभा असलेला तिचा नवरा, ज्याचं तोंड कुणी कधी बंद केलं नव्हतं, तो ओठ दाताखाली धरून उभा होता. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्याने आपल्या बायकोचं फक्त भित्रेपण पाहिलं होतं. ते घेऊन ती कशी चालते हे तो आज बघत होता. तिच्यापुढे आपण अगदीच पोर आहोत, असं त्याला वाटलं. ती एक पाऊल टाके, थांबे, पुढचं टाके. अर्ध्यावर आल्यावर तिने थोरलीचा हात सोडला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा पोरीला घ्यायला दोन्ही हात लागतात म्हणून.

आत्यांनी बेडकीला तिच्या हातांत दिलं. धाकटीने लेकीला छातीशी गच्च आवळलं.

"तिला असं धरू नको," आत्या म्हणाल्या. "काच कशी धरतेस?"

धाकटीने डोळे मिटले, आणि तिची बोटं आपसूक सैल झाली. पोर पाण्यावर टेकलं. त्या बोटांकडे बघून थोरलीच्या मनात आलं, ही फार चांगली शिकवेल, आणि त्यात हेवा नव्हता.

बेडकीने आईकडे पाहिलं. आई पाण्यात आहे, हे तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तिने वळून काठाकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. मग झारी पाण्यात बुडवून भरली, तोंड आईच्या तोंडाजवळ नेलं, गाल फुगवले आणि फुंकर घातली.

"तोंद मित," ती म्हणाली, आणि आईच्या डोक्यावर सगळी झारी रिकामी केली.

धाकटीने तोंड मिटलं. पाणी कपाळावरून, पापण्यांवरून, नाकावरून खाली गेलं. तिने घाईने चेहरा पुसायला हात उचलला, तर एका चिमुकल्या ओल्या हाताने तो धरून खाली ओढला.

"पुतायचं नाय."

चेहरा पुसायचा नाही, पाणी आपोआप ओघळू द्यायचं, म्हणजे मूल त्याला सरावतं. हे आत्या प्रत्येक नव्या आईबापाला सांगत. थोरलीही सांगत असे, त्याच शब्दांत. आत्यांच्या तोंडून हसू फुटलं, इतकं मोठं की माई दचकल्या.

"ही काठावर बसून वर्ग घेत होती," आत्या म्हणाल्या. "मघाशी मी फुंकर घातली, तर तिला वाटलं आपली सहकारी आलीय."

बेडकीला या हसण्याशी काही घेणं नव्हतं. तिचं काम चालू होतं. आईचा चेहरा सगळा ओघळेपर्यंत ती वाट बघत राहिली, अगदी आत्यांसारखी, डोकं एका बाजूला कलतं ठेवून. मग तिने झारी आईच्या हातात दिली.

"आता माजं."

धाकटीने आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी थोरलीकडे बोट केलं. थोरली जवळ आली आणि सांगू लागली: अर्धीच भर, मागून ओत, कानाच्या मागून, आधी फुंकर. धाकटीने ओठांचा चंबू केला. तिला फुंकर घालायला श्वास सापडायला थोडा वेळ लागला. बेडकीने तोंड मिटलं, डोळे मिचकावले, आणि पाणी तिच्या केसांतून मानेवर गेलं. तिने चेहरा पुसला नाही.

"पुन्हा," थोरली म्हणाली.

आत्या बाजूला झाल्या. हळूहळू पायऱ्यांपर्यंत गेल्या, कठडा धरून वर आल्या, आणि पाण्याबाहेर पडताच त्यांचे गुडघे पुन्हा म्हातारे झाले. माईंनी त्यांच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. त्यांना राहवलं नाही.

"तुमचा शेवटचा पल्ला राहिला हो, वन्सं."

"राहिला कुठे?" आत्या म्हणाल्या. "पायऱ्यांपासून माझ्या हातापर्यंत आली की."

माईंनी पाण्याकडे पाहिलं. धाकटी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, केस चपटे होऊन गालांना चिकटलेले, आणि पुढच्या झारीची तयारी करत होती. माईंनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात हौदात बेडकीला जरा ठसका लागला. आत्यांचे दोन्ही हात आपसूक पुढे झाले, एक पाऊलही उचललं गेलं. पण थोरलीने आधीच पोरीला खांद्यावर घेतलं होतं आणि एक शब्द न बोलता ती हौदात फिरू लागली होती.

आत्या मागे सरकल्या. धाकट्याच्या शेजारी जाऊन त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि हात मागे बांधले.